ड्रायव्हरसकट गाडी घेऊन एक दिवस पुणे फिरायचं असेल तर

आमच्याकडे मे महिन्यात आणि दिवाळीनंतर पाहुणे असतातच. सोलापूरची मावशी, नागपूरचे दीर-जाऊ, नाहीतर मुलाचे कॉलेजचे मित्र, आणि सगळ्यांना दिवसभरात जमेल तेवढं बघायचं असतं. घरची गाडी एकच, त्यात दाटीवाटीने बसायचं, आणि जो चालवणार त्याचा दिवस रस्ता आणि पार्किंग शोधण्यात जाणार. म्हणून गेली काही वर्षं मी सरळ ड्रायव्हरसकट गाडी सांगते. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण दर वेळी कोणी ना कोणी विचारतंच की तू गाडी कशी ठरवतेस.

सगळ्यात आधी सगळ्यात महत्त्वाचं. गाडी एजन्सीकडून घ्या, ऍपवरून घ्या नाहीतर ओळखीतून, पण आदल्या संध्याकाळी जो माणूस प्रत्यक्ष गाडी चालवणार आहे त्याच्याशी स्वतः फोनवर दहा मिनिटं बोला. एजन्सीवाल्याशी बोलणं झालं म्हणजे झालं असं धरू नका, त्याने ड्रायव्हरला फक्त "सकाळी सहा, कोथरूड, जेजुरी" एवढंच सांगितलेलं असतं. तुमच्याबरोबर गुडघे दुखणारी आजी आहे, दीड वर्षाचं बाळ आहे, एकाला घाटात गाडी लागते, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

त्या फोनवर पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे मी एका वाईट अनुभवातून शिकले. ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरी असा बेत होता, सहाला निघालो, ड्रायव्हर तरुण होता, अगदी शांत, गाडी स्वच्छ. चाकणच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडलो, राजगुरुनगर गेलं, मंचर सोडल्यावर मला जाणवलं की गाडी हळूहळू डिव्हायडरकडे सरकतेय आणि मग झटक्यात सरळ होतेय. आरशात बघितलं तर त्याचे डोळे लाल, पापण्या मिटायला लागलेल्या. मी विचारलं, दादा, झोप झाली का रात्री? तर म्हणाला, ताई, रात्री मुंबई एअरपोर्टची ड्यूटी होती, साडेचारला घरी आलो, मालक म्हणाला सहाची पण तूच कर. म्हणजे दीड तासात अंघोळ करून तो आमच्या दारात उभा होता. मी त्याला नारायणगावला गाडी बाजूला घ्यायला लावली, चहा दिला आणि सांगितलं की सीट मागे करून झोप, आम्ही बसतो इथे. सव्वा तास तो गाढ झोपला. त्या दिवशी ओझर आणि लेण्याद्री झालं, शिवनेरी राहिला. ज्या गडावर १६३० साली महाराजांचा जन्म झाला तो मुलांना दाखवायचा म्हणून खरं तर निघालो होतो, आणि तो जुन्नरमधून लांबूनच बघितला. वाईट वाटलं, पण त्या पोराचा राग नाही आला. राग आला तो ज्याने त्याला लागोपाठ दोन ड्यूट्या लावल्या त्याचा.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, आज रात्री ड्यूटी आहे का?" हो म्हणाला तर मी एजन्सीला तिथल्या तिथे दुसरा ड्रायव्हर मागते, आणि नाही मिळाला तर गाडी सहाऐवजी नऊला सांगते. यात संकोच करायचं काहीच कारण नाही, घरची सगळी माणसं त्या गाडीत असतात.

आता पैशाचं. पुण्यात दोन प्रकारचे हिशोब चालतात. एक लोकल पॅकेज, बहुतेक ठिकाणी ८ तास ८० किलोमीटर, त्याच्या पुढे जादा तासाचे आणि जादा किलोमीटरचे वेगळे पैसे. दुसरा आउटस्टेशन, त्यात किलोमीटरचा रेट आणि दिवसाचं मिनिमम रनिंग, बरेच जण ३०० धरतात, काही २५०. म्हणजे गाडी १६५ किलोमीटरच फिरली तरी बिल ३०० चंच. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग, आणि उशीर झाला तर नाइटचे वेगळे.

लोक फसतात ते नेमके जवळच्या ट्रिपला. समजा रेट १३ रुपये आहे आणि तुमची ट्रिप १६५ किलोमीटर, १२ तास. आउटस्टेशनने ३०० गुणिले १३ म्हणजे ३९०० आणि भत्ता ३०० धरला तर ४२००. तेच लोकल पॅकेज समजा २००० ला आहे, वरचे ८५ किलोमीटर १३ ने ११०५, वरचे चार तास दीडशेने ६००, एकूण ३७०५. जवळजवळ पाचशेचा फरक. आकडे समजायला घेतलेत, रेट गाडीप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतात, पण दोन्ही बाजूंनी गुणाकार करून बघायची सवय लावा आणि सरळ विचारा की सासवड-जेजुरीला लोकलमध्ये पाठवाल का. काही जण पाठवतात, काही हद्दीबाहेर नाही म्हणतात, पण विचारल्याशिवाय आपणहून कोणी सांगत नाही.

आणि एक शब्द नक्की विचारायचा, गॅरेज टू गॅरेज आहे का. म्हणजे किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की गाडी जिथून निघते तिथून. मला एकदा एका एजन्सीने हे सांगितलंच नव्हतं, गाडी वाघोलीहून कोथरूडला आली आणि रात्री परत वाघोलीला गेली, ते जाऊन-येऊनचे किलोमीटर आणि वर तासही माझ्याच बिलात. भांडून अर्धे कमी केले पण दिवस छान गेलेला असताना शेवट कटकटीने झाला. आता मी घराजवळचीच गाडी घेते, आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सऍपवर एका मेसेजमध्ये लिहून पाठवते, रेट, मिनिमम, भत्ता, टोल-पार्किंग कोणाकडे, नाइट किती वाजल्यापासून, किलोमीटर कुठून. समोरून "ओके" आलं की मगच ऍडव्हान्स. ऍडव्हान्सही थोडाच, बाकी ट्रिप संपल्यावर.

गाडी निवडताना माणसांबरोबर सामानही मोजा. पुण्यात आता भाड्याच्या बऱ्याच गाड्या सीएनजीवर आहेत, आणि सिलेंडर डिकीत असतो. चार माणसं आणि दोन मोठ्या बॅगा असं म्हणून डिझायर मागवली आणि डिकी उघडल्यावर निम्मी जागा सिलेंडरने खाल्लेली, मग एक बॅग मांडीवर. सामान असेल तर आधीच विचारा, कॅरियर आहे का तेही विचारा. आणि "गॅस आदल्या रात्रीच फुल करून या" हे सांगायला विसरू नका, नाहीतर निघाल्यावर दहाव्या मिनिटाला "ताई, जाता जाता गॅस भरून घेऊ का" होतं आणि पंपावरच्या रांगेत पाऊण तास जातो, तोही सकाळचा, जेव्हा रस्ते मोकळे असतात. पाच-सहा माणसं असतील तर अर्टिगा चालते पण मागच्या सीटवर मोठ्या माणसाने दिवसभर बसू नये, तिथे मुलंच बसवा. आजी-आजोबा असतील तर इनोव्हाचे जास्त पैसे द्यायला मी मागेपुढे बघत नाही.

नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असली पाहिजेत (इलेक्ट्रिक गाडी असेल तर प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी). पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी कोणी "स्वस्तात देतो" म्हणालं तर घेऊ नका, भाड्याने चालवताना अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात आणि तेव्हा पाच-सातशे रुपये वाचवल्याचं कोणाला आठवत नाही. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला मिळणारी गाडी, ती ड्रायव्हरसकट तुमच्याकडे यायला नको. गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या आणि एमपरिवहन ऍपमध्ये टाकून बघा, इन्शुरन्स आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसतं.

आता फिरायचं काय. इथे माझं मत ठाम आहे, एका दिवसात तीन ठिकाणं, फार तर चार. एजन्सीची "बारा पॉइंट" वाली यादी असते तिच्यात पॉइंट होतात, बघणं होत नाही. तुम्ही नुसती यादी करा, क्रम ड्रायव्हरला लावू द्या. तो त्या रस्त्यावर महिन्यातून चारदा जातो, कुठे कधी अडकायला होतं हे मॅपपेक्षा त्याला जास्त कळतं.

मागच्या मे महिन्यात मावशी आणि तिच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई आल्या होत्या, त्यांना मोरगाव आणि जेजुरी करायचं होतं. मी म्हटलं आधी गणपती, म्हणजे पहिल्यांदा मोरगाव, येताना जेजुरी. फोनवर ड्रायव्हरकाका म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे, पण आधी जेजुरी करू. दहानंतर गडावरची फरशी तापते, आजींना अनवाणी पाय टेकवणार नाहीत. मोरगावला काय, पायऱ्या मोजक्याच, दुपारी गेलं तरी चालतंय." एवढी साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. साडेपाचला निघालो, दिवे घाटात उजाडलं, वर काकांनी दोन मिनिटं गाडी थांबवली आणि खाली मस्तानी तलाव दाखवला. सासवडला नाश्ता, साडेसातच्या आत जेजुरी. आजी दर दहा पायऱ्यांना बसत, लोकांनी उधळलेला भंडारा अंगावर घेत वर गेल्या आणि दर्शन करून खाली आल्या तेव्हा ऊन नुकतंच लागायला लागलं होतं. आणि गाडीपाशी आलो तर काकांनी सगळ्या सीटवर जुन्या चादरी अंथरून ठेवल्या होत्या! भंडाऱ्याची हळद सीटला लागली की निघत नाही, वॉशिंगवाला वेगळे पैसे घेतो, म्हणून जेजुरीची ड्यूटी असली की ते घरून चादरी घेऊन निघतात. तुम्ही जेजुरीला जाणार असाल तर एक जुनी चादर आणि ओला नॅपकिन स्वतःच ठेवा, ड्रायव्हर मनापासून खूश होतो.

तिथून मोरगाव, दुपारचं जेवण, आणि येताना त्याच रस्त्याने न येता सासवडहून नारायणपूर. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं की शेजारचं नारायणेश्वराचं जुनं दगडी मंदिर जरूर बघा, लोक घाईत सोडून देतात. पुढे केतकावळ्याचा प्रतिबालाजी, आणि कापूरहोळला सातारा रोड. त्यात आजी थकल्या म्हणून बालाजी आम्ही बाहेरूनच हात जोडून सोडला, आणि मला ते बरोबरच वाटतं. पावसाळ्यानंतर गेलात तर सासवड भागात सीताफळं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंजीर, तिथे "इथे थांबू का" असं ड्रायव्हर म्हणाला तर थांबा, अंजीर पुरंदरचेच खावेत.

शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर थोडं वेगळं गणित आहे. पेठांमध्ये गाडीचा उपयोग नाही, उलट ती गळ्यात पडते. मी सकाळी शनिवारवाड्यापाशी गाडी सोडते, ड्रायव्हरला मंडईच्या आर्यन किंवा मिनर्व्हा पार्किंगला जाऊन थांबायला सांगते आणि आम्ही चालतच शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, मंडई असं करत त्याच्याकडे पोचतो. लक्ष्मी रोडची दुकानं उघडून गर्दी व्हायच्या आत हे झालं पाहिजे. १७३२ सालचा वाडा १८२८ च्या आगीत जळला, आत आता जोती, कारंजी आणि तट उरलाय, पण दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून वरचे खिळे मुलांना दाखवलेत तर तेवढ्यावर अर्धा तास निघतो. मग गाडीत बसून केळकर संग्रहालय, तिथे घाई करायची नाही, अडकित्ते आणि दिवे बघण्यातच वेळ जातो. दुपारचा उन्हाचा वेळ गाडीत घालवायचा, म्हणजे नदीपलीकडे येरवड्याकडे आगाखान पॅलेस. गांधीजींना १९४२ पासून इथे स्थानबद्ध ठेवलं होतं, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई त्याच वर्षी १५ ऑगस्टला इथेच वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत, तिथपर्यंत जा, बरेच लोक पुढचा बंगला आणि बाग बघून परत फिरतात. येताना वानवडीची शिंदे छत्री, महादजी शिंद्यांची, आणि संध्याकाळी ज्यांचे गुडघे चांगले त्यांनी पर्वती, बाकीच्यांनी सारसबाग. हा सगळा दिवस ८० किलोमीटरच्या आत बसतो, तासच तेवढे वाढतात.

सिंहगड शनिवार-रविवारी करायचा असेल तर उजाडताना पायथ्याशी असा, नाहीतर घाटात गाड्यांची रांग लागते आणि वरचं पार्किंग भरलं की खालीच थांबवतात. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर परतीचा रस्ता तुंबतो, म्हणून पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाऊन दुपारी बाराच्या आत खाली उतरा. कार्ले-भाजे-लोहगड एका दिवसात होतं असं सांगतात. चालणारी माणसं असतील तर होतं, नाहीतर कार्ले आणि भाजे दोनच करा, दोन्हीकडे चढण आहे.

तारीख ठरवताना पंचांग बघा, खरंच. सोमवती अमावस्येला आणि चंपाषष्ठीला जेजुरी, अंगारकीला कुठलाही अष्टविनायक, यात दर्शनालाच दिवस जातो. आषाढी वारीत पालख्या पुण्यातून निघाल्या की माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडला आणि तुकोबांची सोलापूर रोडने लोणीकडे जाते, त्या दिवसांत त्या बाजूची गाडी घेऊच नका, वारी बघायची असेल तर चालत जा. गणपतीत पेठा गाड्यांना बंद असतात. पावसाळ्यात ताम्हिणी छान असतो पण आदल्या दिवशी प्रशासनाने काही बंद केलंय का बघा, वरंध घाट तर पावसाळ्यात बरेचदा बंदच ठेवतात.

घरची गाडी आहे आणि फक्त ड्रायव्हर हवा असेल तर तोही तासावर मिळतो. त्याचं लायसन्स बघा, ऑटोमॅटिक असेल तर ती चालवलीय का विचारा, घाटाचा सराव विचारा, आणि रात्री उशीर झाला तर त्याच्या घरी जायच्या रिक्षाचे पैसे कोण देणार ते आधी बोला, कारण त्या वेळी बस नसते. गाडीचा इन्शुरन्स तुमचा, त्यामुळे तो चालू आहे ना हे तुम्हीच बघायचं.

प्रत्यक्ष दिवशी फार काही नाही. बसताना मीटरच्या किलोमीटरचा फोटो काढा, ड्रायव्हरच्या देखत, म्हणजे दोघांनाही बरं. घाटात एसी बंद करणार का हे सुरुवातीलाच बोलून घ्या. हायवेवर फोनवर बोलत असेल तर स्पष्ट सांगा की दादा, बाजूला घेऊन बोला. आम्ही किती वेळ आत असू हे दर ठिकाणी खरं खरं सांगायचं, अर्धा तास म्हणून दोन तास लावले तर तो बिचारा चहालाही जाऊ शकत नाही. जेवणाचं तर मी पहिल्या थांब्यालाच सांगते की दादा, आमच्याबरोबर बसून जेवा. भत्ता दिलाय ना मग कशाला, असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. पहाटे चारला उठून आलेला माणूस आपण थाळी खात असताना बाहेर बिस्किटाचा पुडा खाऊन बसतो, ते बघवत नाही. बऱ्याच ड्रायव्हरना पाहुण्यांबरोबर एका टेबलावर अवघडल्यासारखं होतं, तेव्हा शेजारच्या टेबलावर त्यांची थाळी सांगायची.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, काही गंभीर असेल तर ११२, हे दोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

रात्री घरी उतरल्यावर आधी सीटखाली आणि डिकीत हात घालून बघा, लहान मुलांची चप्पल आणि पाण्याची बाटली हमखास राहते. मग परत किलोमीटरचा फोटो, टोलचे पैसे ड्रायव्हरच्या फास्टॅगमधून गेलेले असतात ते त्याच्या मोबाइलवरच्या मेसेजवरून जुळवून घ्या, हिशोब गाडीजवळच पूर्ण करा आणि पैसे एजन्सीच्या नंबरवर, टीप ड्रायव्हरच्या हातात. जेजुरीवाल्या काकांचा नंबर मी "काका जेजुरी चादर" असा सेव्ह केलाय. या दिवाळीनंतर दीर-जाऊ येणार आहेत, तारीख एजन्सीला सांगायच्या आधी काकांना विचारून ठेवलीय.